वाऱ्याच्या खालच्या अंगाला

९ नोव्हेंबर

आज शिकारीचा परवाना हातात आला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १ जुलै १९५७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीला जायचं असेल तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. मी तो दोन आठवड्यांपूर्वी केला. वर्गात बहुतेक पोरं अकरा-बारा वर्षांची. तारेचं कुंपण ओलांडायचं कसं, हे माझ्या शेजारच्या मुलीने मला करून दाखवलं. आधी गोळ्या काढायच्या, मग बंदूक तारेखालून पलीकडे जमिनीवर ठेवायची, तिचं तोंड आपल्याकडे नको, आणि मग आपण जायचं. तिने ते इतकं शांतपणे केलं की मला घरातली पाटावर रांगोळी काढणारी माणसं आठवली. हात सवयीचा, पण लक्ष पूर्ण.

विचिटाला येऊन मला सात वर्षं झाली. विमानांचं काम. आमच्या हँगरमधल्या एका जुन्या मेकॅनिकची फ्लिंट हिल्समध्ये गुरं आहेत, इथून तासाभराच्या अंतरावर. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. या वहीत मी त्याला मामा म्हणतो, कारण तो माझ्या सख्ख्या मामासारखाच, बोलण्याआधी जरा वेळ जमिनीकडे बघतो. मागच्या मार्चमध्ये त्याच्या एका पहिलारू कालवडीचं वासरू अर्धं बाहेर आलेलं असतानाच कायोटींनी खाल्लं. कायोटी म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला इथला रानटी प्राणी. त्याने हे मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं आणि डबा बंद करून उठून गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे चाललंय.

रात्री बाबांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली. कोल्ह्याला काठी दाखवली असंल, पण जीव कुणाचा घेतला नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

२३ नोव्हेंबर

मामाने मला कायोटींना बोलवायची लाकडाची एक छोटी शिट्टी दिली आहे. इथे तिला नुसतं 'कॉल' म्हणतात. आत पत्ती असते. तोंडाला लावून, मूठ उघडत-मिटत फुंकली की कुणीतरी पकडलेल्या सशाचा आवाज निघतो. निघायला हवा. माझा पहिले चार दिवस फाटक्या पिपाणीसारखा निघत होता. फुंकर पोटातून यावी लागते, आणि शेवटी आवाज मोडायला लागतो, जसा दम संपत आलेल्या जिवाचा मोडतो.

आज गॅरेजमध्ये सराव करत होतो तर मुलगी दारात येऊन उभी राहिली. पाच वर्षांची आहे. "बाबा, कोण रडतंय?" मी शिट्टी दाखवली, तिने ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. म्हणाली, "तू त्याला मदत का नाही करत?"

त्यानंतर सराव गाडीत, काचा लावून, ऑफिसच्या पार्किंगमध्ये.

(बॅटरीवर चालणारे कॉलही मिळतात, शंभर-दीडशे आवाज भरलेले. मामाकडे तसला एक आहे. पण त्याचं म्हणणं, आधी तोंडाने शीक, म्हणजे आवाजात काय आहे ते कळेल.)

२१ डिसेंबर

हरणांच्या बंदुकीचा हंगाम संपेपर्यंत मामा मला न्यायला तयार नव्हता. माळावर फार लोक असतात म्हणाला. आज नेलं.

पहाटे उणे आठ. गाडी उतारामागे लपवली, दार आपटायचं नाही, नुसतं टेकवून दाबायचं. तिथून अर्धा मैल पायी. फ्लिंट हिल्स म्हणजे चकमकीच्या टेकड्या. माती पातळ, खाली चुनखडी आणि चकमकीचे थर, म्हणून इथे नांगर चालला नाही आणि गवत टिकलं. हिवाळ्यात हे ब्ल्यूस्टेम गवत तांब्याच्या रंगाचं होतं. दहिवडीच्या बाजूचं माळरान डोळ्यांत साठवून वाढलेला माणूस मी, मला इथे पहिल्या दिवसापासून परकं वाटलेलं नाही.

बसण्याच्या जागेला 'स्टँड' म्हणतात, आणि तिथे जे करतो त्यालाही स्टँडच म्हणतात. वीस मिनिटं बसायचं, वाजवायचं, थांबायचं, वाजवायचं. काही आलं नाही तर उठून मैलभर पुढे. आज सहा स्टँड केले. एकही जनावर दिसलं नाही. मामा म्हणाला, दिसलं नाही म्हणजे आलं नाही असं नाही. मला ते धीर देण्यासाठीचं बोलणं वाटलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. इथले जुने लोक 'कायोटी' म्हणत नाहीत, 'कायोट' म्हणतात, दोन तुकड्यांत. मामाच्या तोंडी तसंच आहे, आता माझ्याही. मूळ शब्द मेक्सिकोकडच्या नाहुआत्ल भाषेतला, कोयोत्ल.

७ जानेवारी

मामाचं ते बोलणं धीर देण्यापुरतं नव्हतं, हे आज कळलं.

परवाच्या बर्फावर सकाळी बसलो. वारा वायव्येकडून, तोंडावर. पाठीला हेजचं झाड. (ही ओसेज ऑरेंजची काटेरी झाडं तारेचं कुंपण येण्याआधी लोकांनी बांधाला लावली होती, अजून उभी आहेत.) समोर चारशे यार्डांचं उघडं कुरण, डाव्या हाताला ओढ्याची घळ. पंचवीस मिनिटं वाजवलं. काही नाही. उठलो, पाठीमागे वळलो आणि मामाने हात आडवा करून मला थांबवलं.

आमच्या मागे बर्फात माग होते. घळीतून निघून त्याने लांबचा वळसा घेतला होता, आमच्या पाठीमागून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मी पावलं मोजली. आमच्यापासून चाळीस पावलांवर तो उभा राहिला होता. चारही पायांखालचा बर्फ किंचित दबून चकाकत होता, म्हणजे बराच वेळ उभा असणार. मग वळून, न धावता, आला तसा चालत गेला होता.

मामाने गुडघ्यावर बसून माग दाखवला. कुत्र्याचा पंजा गोल, बोटं फाकलेली. हा लांबट, पुढच्या दोन नख्या एकमेकींजवळ. आणि चाल सरळ रेषेत, मागचं पाऊल बहुतेक पुढच्या पावलातच पडलेलं. जिथे जायचं ते ठरवून चाललेल्या जनावराची चाल.

मी तिथे बसून राहिलो. आम्ही समोर बघत होतो आणि तो आम्हाला बघत होता. रडणारा ससा ऐकूनही तो सरळ धावत आला नाही. आधी वास घेतला, खात्री केली. माझ्या कामात आम्ही याला इन्स्पेक्शन म्हणतो, आणि मी ते रोज करतो, पण इतकं नेमकं करतो का, सांगता येत नाही.

आता सगळं बसणंच बदललं. समोरचं कुरण नाही, मागची बाजू महत्त्वाची. वारा एका कानाला लागेल असं बसायचं, म्हणजे त्याच्या वळशाची वाट आपल्या नजरेखालून जाईल. आजोबा मेंढरं बसवताना वाघर, म्हणजे कळपाभोवतीचं जाळं, लावायच्या आधी मूठभर माती हवेत सोडून बघायचे. मला वाटायचं तो काही देवधर्माचा भाग आहे. वारं बघत होते ते! लांडगा ज्या अंगाने येईल त्या अंगाला कुत्री बांधायला.

१८ जानेवारी

आज पहिल्यांदा दिसला आणि मी गोळी झाडली नाही.

बाराव्या मिनिटाला समोरच्या धारेवर आला. उभा, कान पुढे, मागे नुसतं आभाळ. दोनशे यार्ड. दुर्बिणीत त्याच्या छातीवरचे पांढरे केस वाऱ्याने फाकताना दिसत होते. बोट घोड्याकडे गेलं आणि मला वर्गातलं वाक्य आठवलं : निशाण्याच्या मागे काय आहे? आभाळ होतं. म्हणजे गोळी पलीकडे कुठे पडणार ते मला माहीत नाही, आणि त्या धारेपलीकडे मैलभरावर रस्ता आहे, एक घर आहे.

वाट पाहिली, तो खाली उतरेल म्हणून. तो उतरला नाही. मी डोळ्यांची उघडझाप केली तेवढ्यात धार रिकामी.

मामा काही बोलला नाही. गाडीत थर्मासमधली कॉफी आधी मला ओतली. एरवी आधी स्वतःला ओततो.

८ फेब्रुवारी

हे नीट लिहायचं आहे, म्हणून रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर लिहितोय.

दक्षिणेचा वारा, सूर्य पाठीशी. चुनखडीच्या एका पायरीवर बसलो होतो, बंदूक दोन काठ्यांच्या आधारावर. माझी बंदूक .२२३ मापाच्या गोळीची आहे, इथे या शिकारीला बरेच जण हीच वापरतात. हातमोजे, तोंडावर जाळी. मी स्वतः वाजवत होतो. नवव्या मिनिटाला घळीतून दोन डोकी वर आली. हा त्यांच्या जोड्यांचा महिना. पुढचा मोठा, मागची सात-आठ पावलं मागे. पुढचा वळसा घ्यायला लागला, जानेवारीतल्या त्या मागाची हुबेहूब रेषा, फक्त आता माझ्या डोळ्यांसमोर. एकशेवीस यार्डांवर मामाने तोंडाने कुत्र्यासारखं एकदाच "वूफ" केलं. तो थांबला. आडवा, मागे टेकडीचा उतार. खांद्याच्या मागे फुली धरली, अर्धा श्वास सोडला.

तो जागेवर बसला, मग आडवा झाला. मागची घळीत नाहीशी झाली.

मामाने पाच मिनिटं मला उठू दिलं नाही. मग गेलो. काठीने डोळ्याला स्पर्श करून बघायचं असतं, केलं. डोळा पिवळा, मधासारखा, आणि अजून ओला. नर. वजन नंतर भरलं, ३१ पौंड, म्हणजे १४ किलो. आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा थोराड, अमेरिकेतल्या लांडग्याच्या निम्म्याहून कमी. मी हातमोजा काढून मानेवर हात ठेवला. वरचे केस राठ, काळ्या टोकांचे, खाली बोटं रुततील अशी लोकर, आणि तिच्यातली ऊब. वरचा एक सुळा तुटलेला, जुना, कड गुळगुळीत झालेली. म्हणजे तुटक्या दातावर याने किती हिवाळे काढले असतील. शेपटीत काटेरी बोंडं अडकलेली होती, ती मी एकेक करून काढली. का, ते माहीत नाही. तशीच सोडवेनात.

आम्ही त्याला उचलून निघालो तेव्हा घळीतून ती ओरडली. आधी दोन-तीन भुंकणं, मग लांब सूर. या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळालं १८२३ मध्ये, थॉमस से या निसर्गतज्ज्ञाने दिलं, मिझुरी नदीच्या काठी ओमाहाच्या वरच्या बाजूला पाहिलेल्या जनावरावरून : कॅनिस लॅट्रान्स, भुंकणारा कुत्रा. माझ्या कानाला ती कोल्हेकुई होती. एकटीच होती, आणि तीन-चार असाव्यात असं वाटत होतं.

मामाच्या शेडमध्ये कातडं सोलायला शिकलो. पूर्वी याला बरा भाव होता, कॅनडा गूजसारख्या कंपन्या कोटांच्या टोपीला लावायच्या. त्यांनी २०२१ मध्ये फर बंद करायचं जाहीर केलं आणि आता कातडी घेणारे फार थोडे. मामा तरीही सोलतो, ताणतो, वाळवतो. मारलं आणि टाकून दिलं हे त्याच्या घरात चालत नाही. मला ते पटलं. ते कातडं आता माझं आहे.

९ फेब्रुवारी

झोप नीट लागली नाही. बाबांच्या प्रश्नाला उत्तर शोधतोय.

सरकारी खातं या देशात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास कायोट मारतं. विष घालून झालं, विमानातून गोळ्या घालून झालं. दोनशे वर्षांपूर्वी ते मुख्यतः माळावर आणि पश्चिमेला होते. लांडगे संपवले, आणि यांनी त्यांची जागा घेतली. आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहेत, शिकागो शहरातसुद्धा. तेव्हा 'मारून संपवू' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कुठे कुठे एका दिवसात कोण जास्त मारतो याच्या स्पर्धा होतात, त्याही मला सहन होत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये बंद केल्या, चांगलं केलं.

पण मामाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या कळपात राखणीला एक गाढवीण आहे, ती कायोटवर धावून जाते. विणारी जनावरं तो घराजवळच्या कुरणात आणतो. पडलेली वार आणि मेलेलं वासरू लगेच उचलतो, म्हणजे त्यांना चटक लागत नाही. एवढं करूनही जे वासरांभोवती घिरट्या घालतात, त्या एका कुरणात, त्या दोन महिन्यांत, तो बंदूक उचलतो. माझ्या आजोबांनीही हेच क्रमाने केलं : कुत्री, वाघर, शेकोटी, काठी. त्यांच्याकडे पुढची पायरी नव्हती, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कायद्यानेही नाही. मी मामाच्या पायऱ्या गाळून सरळ शेवटच्या पायरीवर उभा राहणार नाही. यापुढे जाईन तर त्याच कुरणावर, त्याच दिवसांत. रात्रीच्या थर्मल दुर्बिणीचा वेगळा परवाना मिळतो, तो काढणार नाही.

मुलीला सांगितलं. तिने कातड्याला हात लावला, शेपटीपासून सुरुवात केली. "याला थंडी वाजत नसेल ना?" म्हणाली.

२ मार्च

पहिलं वासरू झालं. मामाचा फोन आला म्हणून संध्याकाळी तिकडे गेलो. ओलं, थरथरतं, गाय चाटतेय, गाढवीण दहा हातांवर कान उभे करून. वार मी उचलली, मामाने मला ते काम दिलं.

सूर्य बुडाला आणि घळीकडून आवाज सुरू झाला. आता दोन आवाज होते. मी बाबांना फोन लावला. तिकडे दहिवडीला सकाळ, ते चहा घेत असणार. काही न बोलता फोन हवेत धरला. मिनिटभराने कानाला लावला. बाबा ऐकत होते, श्वास ऐकू येत होता.

"किती लांब हायत?" त्यांनी विचारलं.

"अर्धा मैल असतील."

"आन वासरू?"

"इथंच. माझ्या पुढ्यात."

जरा थांबून ते म्हणाले, "वारं कुठनं हाय?"

मी बोट ओलं करून वर धरलं.