सिफिलिसचा जिवाणू आत शिरतो कसा

सिफिलिसच्या ट्रेपोनेमा पॅलिडमचा संपूर्ण जीनोम 1998 साली वाचून झाला. जनुकं जेमतेम हजारभर. इतर रोगजंतूंत सर्रास दिसणाऱ्या विषांची सामग्री त्यात जवळपास नाहीच. तरी प्रयोगातल्या सशाला टोचल्यावर हा जिवाणू काही तासांतच लसिकाग्रंथींमध्ये आणि रक्तात सापडतो. म्हणून त्याच्या बाबतीत विषापेक्षा पकड आणि चाल समजून घ्यावी लागते.

आत यायला त्याला त्वचेवरची डोळ्यांना न दिसणारी खरचटही पुरते. श्लेष्मल त्वचेवर (तोंड, जननेंद्रियांच्या ओलसर अस्तरावर) तर तीही लागत नसावी. तिथे तो पेशींना सहसा टोकाने चिकटतो. उष्णतेने मारलेले जिवाणू चिकटत नाहीत आणि संसर्ग झालेल्या सशाचं रक्तद्रव मिसळलं की चिकटणं कमी होतं. म्हणजे ही पकड जिवंत जिवाणूची आहे, नुसता चिकटपणा नव्हे. पकडीची जागा म्हणजे पेशींभोवतालच्या जाळीतली फायब्रोनेक्टिन आणि लॅमिनिन ही प्रथिनं. टीपी0136, टीपी0155 आणि टीपी0483 ही जिवाणूची फायब्रोनेक्टिनला धरणारी प्रथिनं. टीपी0751 हे लॅमिनिनला धरतं आणि रक्तवाहिनीच्या अस्तरालाही चिकटतं, असं काही प्रयोगांत दिसलं. पण ते खरोखर जिवाणूच्या पृष्ठभागावर असतं का, यावर प्रयोगशाळांमध्ये एकमत नाही.

हा वाद उगाच नाही. या जिवाणूचं बाह्यपटल फार नाजूक असतं. सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवलं किंवा वारंवार धुतलं की ते फाटतं, आतली प्रथिनं उघडी पडतात, तपासणीसाठी वापरलेली चमकणारी प्रतिपिंडं त्यांना चिकटतात आणि चमकणारा ठिपका बघून ‘हे पृष्ठभागावरचं प्रथिन’ असा निष्कर्ष निघतो. कित्येक जुने दावे याच कारणाने डळमळीत झाले. प्रत्यक्षात त्या पटलावर प्रथिनं ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या मानाने अगदी तुरळक असतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीला धरायला फारसं काही मिळत नाही. वर टीपीआरके या प्रथिनाचे सात भाग जनुकांच्या अदलाबदलीने सतत बदलत राहतात.

आता चाल. जाडी साधारण 0.2 मायक्रॉन, लांबी 6 ते 15. कशाभिका, म्हणजे हालचालीचे शेपटीसारखे धागे, बाहेर लोंबत नाहीत. त्या दोन पटलांच्या मधल्या जागेत असतात आणि फिरल्या की सगळं शरीरच स्क्रूसारखं फिरतं. पातळ द्रवापेक्षा घट्ट, चिकट ऊतीत ही चाल चांगली जमते. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींच्या सांध्यांतून तो पलीकडे जातो, आणि पेशीच्या आरपार जाण्याचा मार्गही आढळला आहे. वाटेतल्या कोलॅजेनचा, म्हणजे ऊती बांधून ठेवणाऱ्या तंतूंचा, प्रश्न? त्वचेच्या पेशींना तो एमएमपी-1 नावाचं कोलॅजेन तोडणारं एन्झाइम बनवायला लावतो. बरीचशी मोडतोड आपल्याच पेशींकडून होते. गर्भवतीमध्ये तो वार ओलांडून गर्भापर्यंतही पोहोचतो.

जिवाणू शिरलेल्या जागी व्रण मात्र सावकाश उमटतो: 9 ते 90 दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी. कारण एकाचे दोन व्हायला 30 तासांहून जास्त लागतात. कडक, बहुधा न दुखणारा हा व्रण प्रामुख्याने आपल्याच दाहपेशींच्या हल्ल्याने आणि सुजलेल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याने तयार होतो. तो 3 ते 6 आठवड्यांत उपचाराशिवाय भरतो. भरला म्हणजे बरा झाला, असं नाही. जिवाणू तोवर सगळीकडे पसरलेला असतो.

तपासणीचं तंत्र यावरूनच ठरतं. व्रणाचा स्राव डार्कफील्ड (काळ्या पार्श्वभूमीवर जिवाणू उजळ दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असेल तर वीसेक मिनिटांच्या आत पाहावा, कारण ओळख पटते ती हालचालीवरून. आधी प्रतिजैविक मलम लावलं असेल तर नमुना वाया जातो. तोंडातल्या व्रणासाठी ही पद्धत वापरू नये. तिथे दिसायला तसेच निरुपद्रवी स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्री आकाराचे जिवाणू, असतात. व्रण नुकताच उठला असेल तर रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा दोन-चार आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते.

सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिन या सावकाश उतरणाऱ्या औषधाची 24 लाख युनिट स्नायूत देतात. पेनिसिलिन पेशीभित्ती बांधली जात असतानाच काम करतं, आणि इतक्या संथ जिवाणूवर औषधाची पातळी किमान 7 ते 10 दिवस टिकून राहावी लागते. झटपट उतरणारं पेनिसिलिन एकदाच देऊन इथे भागत नाही.