व्होस्तोकचा तक्ता: उणे 89 सोडून बाकीचं पण बघा की

जगातलं सगळ्यात कमी तापमान कुठलं असं विचारलं की क्विझवाली पोरं डोळे मिटून सांगतात, उणे 89.2, व्होस्तोक, अंटार्क्टिका, 21 जुलै 1983. बरोबर आहे, मार्क घ्या आणि बसा खाली. पण मला त्या आकड्याचा आता खरं सांगायचं तर कंटाळा आलाय, दर थंडीत तोच एक आकडा फॉरवर्ड होत फिरतो, आणि त्याच स्टेशनचा महिन्यामहिन्याच्या सरासरीचा अख्खा तक्ता फुकटात नेटवर पडून आहे तो मात्र कोणी उघडत नाही. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या साइटवर 'रीडर' नावाच्या प्रोजेक्टमध्ये मिळतो, डावीकडे वर्षं, 1958 पासून, वर बारा महिने, मध्ये नुसते उणे आकडे. रंग नाही, चित्र नाही, काही नाही. मला असले तक्ते जाम आवडतात, घरच्यांना नाही आवडत, असो.

आधी थोडं स्टेशनबद्दल. व्होस्तोक रशियाचं, म्हणजे सुरू झालं तेव्हा सोव्हिएतचं, डिसेंबर 1957 मध्ये. पूर्व अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या पठारावर, उंची जवळजवळ 3,490 मीटर, किनाऱ्यापासून हजार किलोमीटरपेक्षाही जास्त आत. सामान घेऊन ट्रॅक्टरांचा ताफा जातो तो हल्ली प्रोग्रेस नावाच्या रशियन स्टेशनवरून निघतो, आणि हे प्रोग्रेस लार्समन हिल्समध्ये आहे, जिथे 2012 पासून आपलं 'भारती' स्टेशन आहे. म्हणजे आपली माणसं ज्या टेकड्यांमध्ये राहतात तिथूनच तो रस्ता वर जातो, रस्ता म्हणजे काय तर बर्फावरच्या चाकोऱ्या.

आता तक्ता. जानेवारी तिकडचा उन्हाळा, सरासरी साधारण उणे 32. फेब्रुवारी उणे 44. मार्च उणे 58. एप्रिल उणे 65 च्या आसपास. तीन महिन्यांत तेहतीस अंश खाली, धडाधड. आणि मग? मग काहीच होत नाही! मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, सगळे उणे 65 ते 68 च्या मध्ये घुटमळत असतात, ऑगस्ट जरा जास्त थंड. ऑक्टोबरला उणे 57, नोव्हेंबरला उणे 43 आणि डिसेंबरला परत उणे 32. ग्राफ काढला तर उन्हाळा टोकदार आणि हिवाळा सपाट, परातीच्या तळासारखा. आपल्या डोक्यात असं असतं की थंडी हळूहळू वाढत जाते, एका महिन्यात कळस गाठते आणि मग उतरते. इथे कळसच नाही. शास्त्रज्ञ याला कोअरलेस विंटर म्हणतात, म्हणजे गाभा नसलेला हिवाळा.

का होतं असं हे मला समजायला वेळ लागला पण समजल्यावर मजा आली. सूर्य एप्रिलमध्ये गेला की चार महिने येत नाही. वरचा बर्फ भुसभुशीत, उष्णतेचा अगदी वाईट वाहक, त्यामुळे खालची ऊब वर येत नाही आणि पृष्ठभागाचा पातळ थर भराभर गार होत जातो. वर हवा विरळ, कोरडी, ढग नाहीत, त्यामुळे बर्फातून निघालेली उष्णता सरळ आकाशात जाते. पण जितकं गार तितकी ती बाहेर टाकायची उष्णताही कमी, आणि दुसरीकडे गंमत अशी की जमिनीपासून काही शे मीटर वर गेलं की हवा वीसेक अंशांनी गरम असते. हो, वर गेल्यावर गरम, आपल्या महाबळेश्वरच्या उलट. त्या वरच्या हवेतून थोडीथोडी उष्णता खाली झिरपत राहते, शिवाय मधूनमधून किनाऱ्याकडून एखादं वादळ बऱ्यापैकी उबदार हवा आत ढकलतं. जमाखर्च एप्रिलमध्येच बसतो. पुढे अंधार कितीही लांबला तरी सरासरी तिथेच.

मी पुण्याचा असल्यामुळे हे लगेच पटलं, कारण आपला ग्राफ पण नुसत्या सूर्यावर चालत नाही ना. एप्रिलमध्ये दुपार सगळ्यात कडक, मे तिच्या जरासा मागे, जूनमध्ये पाऊस आला की धाडकन खाली आणि ऑक्टोबरमध्ये परत एक उंचवटा ज्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणून शिव्या घालतो. सूर्य आपल्या डोक्यावर येतो मेमध्ये आणि परत जुलै-ऑगस्टमध्ये, पण दुसऱ्या वेळी ढग मध्ये असल्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही. महिन्याचे बारा आकडे बघितले की गावाचा स्वभाव कळतो, रेकॉर्डच्या एका दिवसावरून नाही कळत.

आणि आता खरी गंमत. 1983 चा तो जुलै जगप्रसिद्ध, पण व्होस्तोकचा सगळ्यात थंड महिना तो नाहीच. तो मान ऑगस्ट 1987 चा, महिन्याची सरासरी उणे 75.4. विचार करा, दिवस-रात्र (म्हणजे बहुतेक रात्रच) धरून अख्ख्या महिन्याची सरासरी. नेहमीच्या ऑगस्टपेक्षा सातेक अंशांनी खाली. याच्यावर क्विझमध्ये प्रश्न येत नाही. 1983 ला काय झालं होतं तर साधारण दहा दिवस पठारावरच्या थंड हवेभोवती वारे असे फिरत राहिले की बाहेरची उबदार हवा आत शिरलीच नाही, आकाश निरभ्र, आणि तापमान त्या दहा दिवसांत तीसेक अंश घसरलं. म्हणजे तो झटका होता. 1987 चा ऑगस्ट हा मुक्काम होता. मला विचाराल तर मुक्काम जास्त भयंकर.

(1983 च्या आधीचं रेकॉर्डही व्होस्तोकचंच, 24 ऑगस्ट 1960, उणे 88.3. आणि ते उपग्रहावरून मोजलेले उणे 93 ते 98 वगैरे आकडे फिरतात ना, ते बर्फाच्या पृष्ठभागाचे आहेत, माणसाच्या उंचीवरच्या हवेचे नाहीत, दोन्ही एका यादीत टाकू नका प्लीज.)

मोजतात कसं हाही प्रश्न येतोच. पारा उणे 39 ला गोठतो, त्यामुळे पाऱ्याचं थर्मामीटर तिथे वर्षातले बहुतेक महिने शोभेला ठेवायच्या लायकीचं. अल्कोहोलवालं किंवा विजेच्या रोधावर चालणारं लागतं. रीडरच्या तक्त्यातली सरासरी दर सहा तासांच्या नोंदींवरून काढलेली असते, आपल्याकडे सरासरी म्हणजे बहुतेक वेळा कमाल अधिक किमान भागिले दोन, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे शेजारीशेजारी ठेवताना जरा जपून. अजून एक, तिथे कार्बन डायऑक्साइडचा बर्फ पडतो असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. नाही पडत. ड्राय आइसचा, म्हणजे याच वायूच्या बर्फाचा, उणे 78.5 हा आकडा शुद्ध वायू आणि समुद्रसपाटीच्या दाबासाठी आहे, हवेत तो वायू इतका कमी असतो की व्होस्तोकची थंडी त्याला पुरत नाही.

तक्त्यात भोकं पण आहेत आणि मी ती आधी शोधतो. 1962 मध्ये स्टेशन वर्षभर बंद होतं. 1994 मध्ये फेब्रुवारी ते नोव्हेंबर बंद, 1996 चा हिवाळा पण बंद, सोव्हिएत युनियन मोडल्यानंतरचे ते दिवस आठवा. पण काही गोष्टी भोकातही दिसत नाहीत. 12 एप्रिल 1982 ला तिथल्या वीजघराला आग लागली, एक जण गेला आणि उरलेली वीस माणसं हिवाळ्याच्या तोंडावर विजेशिवाय अडकली. विमान तर उतरू शकत नाही त्या थंडीत. त्यांनी हाताने डिझेलचे स्टोव्ह बनवले, एका घरात गर्दी करून अख्खा हिवाळा काढला आणि वाचले. तक्त्यातला एप्रिलचा कॉलम वाचताना उणे 65 हा नुसता आकडा असतो, त्या वीस जणांसाठी ते दाराबाहेरचं हवामान होतं, आणि आत काय वेगळं असणार.

हवा बदलतेय का हा प्रश्न या तक्त्याला विचारला तर सरळ उत्तर मिळत नाही, हेही सांगायला हवं. व्होस्तोकमध्ये ठसठशीत वाढ दिसत नाही. दक्षिण ध्रुवावर, म्हणजे अमेरिकेच्या अमुंडसेन-स्कॉट स्टेशनवर (2,835 मीटर, उंची कमी म्हणून ध्रुव असूनही व्होस्तोकपेक्षा उबदार), 1989 ते 2018 मध्ये दशकाला सुमारे 0.6 अंश वाढ निघाली, आणि त्यानंतर लगेच 2021 मध्ये तिथे एप्रिल ते सप्टेंबरची सरासरी उणे 61 आली, 1957 पासूनचा सगळ्यात थंड हिवाळा. झालं, एका बाजूचे लोक म्हणाले बघा, कुठे आहे तुमचं ग्लोबल वॉर्मिंग.

आणि मग सहा महिन्यांत मार्च 2022 आला. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने ओलसर उबदार हवेचा एक पट्टा थेट पठारावर घुसला, 18 तारखेला व्होस्तोकला उणे 17.7. मार्चमध्ये! जिथे मार्चची सरासरी उणे 58 आणि मार्चचं जुनं रेकॉर्ड उणे 32.6, तेही 1967 चं. रेकॉर्ड मोडायचं तर अर्ध्या-एक अंशाने मोडतात, हे पंधरा अंशांनी मोडलं. भर उन्हाळ्यातल्या नेहमीच्या दिवसापेक्षाही गरम, तेही सूर्य मावळतीला लागलेला असताना. माझ्याकडे महिन्यावार रेकॉर्डची एक एक्सेल शीट आहे, तिच्यात मार्चचा तो ठिपका ग्राफच्या बाहेर गेला, अक्ष वाढवावा लागला, आणि बाकीचे पन्नास-साठ वर्षांचे मार्च खाली एका पट्टीत चेपून बसले.