खिडक्या सगळं सांगतात

लंडनच्या बेडफर्ड स्क्वेअरमधली घरं दारांवरून नाही, खिडक्यांवरून वाचावीत. १७७५ ते १७८३ या काळात बांधलेला हा चौक. चारी बाजूंना एकमेकांना चिकटून उभी असलेली विटांची अरुंद, उंच घरं. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या सर्वांत उंच, कारण तिथे दिवाणखाना. त्यावरच्या बेताच्या, तिथे मालकांच्या झोपायच्या खोल्या. अगदी वरच्या जवळजवळ चौकोनी, चिमुकल्या. तिथे मुलं आणि नोकर. जाणकार याला प्रमाणबद्धता म्हणतात. असेलही, मला मात्र ती घरातल्या मानापानाची यादी वाटते, भर रस्त्यावर लावलेली.

स्वयंपाकघर तळघरात. त्याला उजेड मिळावा म्हणून रस्ता आणि घर यांच्यामध्ये खोल मोकळी जागा सोडलेली, पुढे लोखंडी कठडा. कोळशाची कोठी तर फूटपाथच्या पोटात! फरशीतलं गोल झाकण उचलायचं आणि वरूनच कोळसा ओतायचा, म्हणजे कोळसेवाल्याचे काळे पाय घरात यायला नकोत. तोच कोळसा पुढे जिन्याजिन्याने वर चढायचा, मोलकरणींच्या हातांनी. पाणीही तसंच. या देखण्या घरांचा खरा भार विटांनी किती पेलला आणि त्या बायकांच्या गुडघ्यांनी किती, कोण जाणे.

दर्शनी भागाचा साधेपणा निव्वळ अभिरुचीचा नाही, त्यात आगीची धास्तीही आहे. १७७४च्या इमारत कायद्याने घरांचे दर्जे पाडले, दर्जाप्रमाणे भिंतीची जाडी ठरवून दिली आणि खिडकीची लाकडी चौकट विटांच्या आड लपवायला लावली. त्यामुळे बाहेरून लाकडाची बारीकशी रेघ तेवढी दिसते. आज आपण जिला नजाकत म्हणतो, ती निम्मी सरकारी हुकमाची.

मग हौस भागवायची कुठे? दाराशी. इथल्या दारांच्या कमानींवर कोरल्यासारखे दिसणारे चेहरे दगडाचे नाहीत, भट्टीत भाजलेल्या मातीचे आहेत. लॅम्बेथमध्ये त्यांचा कारखाना चालवत होती एलेनॉर कोड नावाची बाई, तेही अठराव्या शतकात. याच चौकात राजा राममोहन रॉय राहिले होते, त्यांच्या स्मरणार्थ त्या घरावर निळी पाटी आहे. त्यांच्या मुक्कामाच्या वेळी हे चेहरे पन्नाशीला आले होते.

चौकाची प्रत्येक बाजू म्हणजे जणू एकच राजवाडा, असं भासवायचा बेत होता. म्हणून मधल्या भागाला पांढरा गिलावा, चपटे खांब, वर त्रिकोणी माथा. पण उत्तर आणि दक्षिण बाजूला मध्यभागी एक घर नाही, दोन आहेत. त्यामुळे खांब झाले पाच आणि एक बरोबर मधोमध आला, जिथे शास्त्राप्रमाणे मोकळी जागा हवी. राजवाड्याच्या ऐन नाकासमोर दोन बिऱ्हाडांची सामाईक भिंत.