मंगळवारची रजा

सात महिने एकही रजा न घेतल्याचा मला थोडा अभिमानच होता, पण एकच हिशेब तीनदा चुकल्यावर साहेबांनीच विचारले, "रजा शिल्लक आहे ना?" म्हणून आज पहाटे नाशिकहून निघून नांदूर मधमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळची ही पाणथळ जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाली. थंडीत कुडकुडत, दुर्बिणीतून चक्रवाकांची एक जोडी न्याहाळताना दोन तास कसे सरले ते कळले नाही आणि मानेतील नेहमीची कळ जाणवली नाही. (फोन मुद्दाम गाडीत ठेवला होता, हेही कबूल करतो.) परतताना निफाडजवळ चहा घेत असता, काहीही आठवण्याचा प्रयत्न न करता, हिशेबातील चूक नेमकी कुठे होती ते अचानक लक्षात आले.