ओल्या बाकावरचा आर्ची

बोस्टनला भाच्याकडे राहिलो त्या तीन आठवड्यांत वस्तुसंग्रहालये, विद्यापीठे आणि समुद्रकिनारा हे सगळे रीतसर पाहून झाले. त्याविषयी लिहावे असे काही नाही. लिहायचे आहे ते न्यू हॅम्पशायरमधल्या मेरेडिथ या तळ्याकाठच्या लहानशा गावाविषयी, किंवा खरे म्हणजे तिथल्या एका बाकाविषयी.

दादरच्या ज्या वाचनालयातून आम्ही आर्ची या अमेरिकी कॉमिक्समधल्या शाळकरी पोराचे जाडजूड डायजेस्ट दिवसाच्या भाड्याने आणत असू, तिथल्या बहुतेक अंकांची शेवटची पाने फाटलेली असत आणि गोष्टीचा शेवट आम्हालाच रचावा लागे. हॅम्बर्गर कोणी पाहिला होता? आर्चीचा खादाड मित्र जगहेड, त्याच्यासमोर रचलेली ती चळत म्हणजे खिमा भरलेले वडापाव असावेत, असे मी परस्पर ठरवून टाकले होते. हे डायजेस्ट 1973 पासून निघू लागले आणि त्यांत जुन्या-नव्या गोष्टी सरमिसळ करून छापत, हे मला फार उशिरा कळले. त्यामुळे एका पानावर आर्चीची मैत्रीण बेटी घोळदार स्कर्ट आणि आखूड मोजे घालून नाचत असे, तर चार पाने उलटली की तीच बेटी बेलबॉटममध्ये दिसे, आणि आम्हाला वाटे की अमेरिकेत सगळ्या फॅशन एकाच वेळी चालतात. मी जी अमेरिका पाहायला निघालो होतो, ती कोणत्याही एका साली अस्तित्वातच नव्हती.

मेरेडिथच्या वाटेत मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिलला थांबलो. आर्चीचा चित्रकार बॉब मोंटाना या गावच्या हायस्कुलात शिकला आणि आर्चीच्या रिव्हरडेल या काल्पनिक गावातल्या शाळेची मुळे इथेच शोधली जातात. त्या जुन्या इमारतीत आता नगरपालिकेची कचेरी आहे, आणि आम्ही पोहोचलो शनिवारी, म्हणजे दाराला कुलूप. सुट्टीच्या दिवशी सरकारी कचेरी पाहायला दूरवर गाडी हाकणारा मनुष्य मी एकटाच असेन; भाच्याने यावर जे भाष्य केले ते इथे देत नाही.

आर्ची प्रथम दिसला तो डिसेंबर 1941 च्या ‘पेप कॉमिक्स’च्या 22 व्या अंकात. त्या अंकांत तोवर मुखवटेधारी वीरांचे राज्य होते. मिकी रूनी या नटाच्या अँडी हार्डी नावाच्या मुलावरच्या चित्रपटांना गर्दी लोटत होती, आणि तसाच एक साधा, धडपड्या मुलगा कॉमिक्समध्ये आणावा असे प्रकाशक जॉन गोल्डवॉटर यांना वाटले. तो इतका चालला की 1946 मध्ये कंपनीनेच त्याचे नाव घेतले. पुढे तर उलटी गंगा वाहिली : कागदावरच्या या पोरांच्या नावाने निघालेले ‘शुगर, शुगर’ हे गाणे 1969 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि ते गाणारा वाद्यवृंद चित्रांपलीकडे कुठे नव्हताच.

मोंटाना पुढे मेरेडिथला स्थायिक झाला आणि 1975 मध्ये मृत्यू येईपर्यंत वर्तमानपत्रांतली आर्चीची चित्रपट्टी काढत राहिला. त्याच्या स्मरणार्थ गावाने 2018 मध्ये एका बाकावर ब्रॉन्झचा आर्ची बसवला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. दगडी बाक ओला होता आणि आसपास चिटपाखरू नव्हते. ब्रॉन्झला लाल केस कुठून येणार, हे ठाऊक असूनही मी क्षणभर हिरमुसलो. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. गार, ओलसर धातू, आणि तळहाताला चिकटलेले एक पिवळे पान. ज्याच्या शेजारी बसण्याची कल्पना मी दहाव्या वर्षी दादरच्या जिन्यात बसून केली होती, त्याच्या शेजारी मी त्याच्या आजोबांच्या वयाचा होऊन बसलो, आणि काय बोलावे ते सुचेना.

तेवढ्यात एक कुटुंब आले. त्यांच्या मुलीला आर्ची माहीत होता तो दूरचित्रवाणीवरच्या ‘रिव्हरडेल’ मालिकेतला, खून आणि रहस्यांमध्ये अडकलेला. कॉमिक तिने एकही वाचले नव्हते. आधी मला रागच आला. पण जगहेडची लोकरी टोपी मुकुटासारखी का असते, असे तिने विचारले तेव्हा मी उत्साहाने सांगू लागलो की, ती मुळात विणलेली नव्हेच. त्या काळी अमेरिकेतली पोरे आणि गॅरेजमधले कामगार मोठ्यांच्या जुन्या फेल्ट हॅटची कड उलटी दुमडून करवतीसारखी कातरत आणि डोक्यावर चढवत, मोंटानाने ती रस्त्यावरून उचलली.

“म्हणजे तो राजा नव्हता?” तिने विचारले.

“नाही, फक्त भुकेला होता,” मी म्हणालो.

ती हसली, आर्चीशेजारी बसली, आणि तिच्या आईने मलाच छायाचित्र काढायला लावले. गाडीतून भाचा हॉर्न वाजवत होता, “मामा, चला आता!” परतीचे दोन तास मी ओल्या पँटने बसलो, आणि वाटेत घेतलेला बर्गर खरोखरच वडापावाहून बेचव निघाला.