शाळेतली प्रार्थना, दिंडी आणि कलम २८

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामी आल्या की ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत विसावते. महापालिकेच्या कितीतरी शाळांचे वर्ग त्या दिवसांत वारकऱ्यांना उतरायला मोकळे केले जातात. याच काळात अनेक शाळांमध्ये मुलांची दिंडीही निघते. "सरकारी शाळेत हे चालतं का?" हा प्रश्न दरवर्षी याच सुमारास विचारला जातो, आणि उत्तरं बहुधा ठोकून दिली जातात. एक म्हणतो सगळं चालतं, दुसरा म्हणतो काहीच चालत नाही. दोघांनीही राज्यघटनेचं कलम २८ शेवटपर्यंत वाचलेलं नसतं.

या कलमात तीन पोटकलमं आहेत. पहिलं सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यात येतात. इथे पालकांची संमती असली तरी धार्मिक शिक्षणाला वाव नाही. दुसरं पोटकलम अपवादाचं आहे. एखाद्या देणगीतून किंवा न्यासातून उभी राहिलेली संस्था सरकार चालवत असेल आणि त्या न्यासाचीच धार्मिक शिक्षणाची अट असेल, तर पहिलं पोटकलम तिला लागू होत नाही. रोजच्या व्यवहारात हा प्रसंग फारसा येत नाही.

तिसरं मात्र सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित अशा कोणत्याही शाळेत, मग ती कॉन्व्हेंट असो, उर्दू माध्यमाची असो की पेठेतल्या जुन्या संस्थेची, विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा पूजा-प्रार्थनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाची संमती लागते. अल्पसंख्याक संस्थेला कलम ३० मुळे आपली शाळा आपल्या पद्धतीने चालवण्याचा हक्क आहे, पण म्हणून ही अट सुटत नाही. आणखी एक बारकावा असा, की पहिल्या पोटकलमात फक्त 'धार्मिक शिक्षण' आहे, तिसऱ्यात 'उपासना' हा शब्दही आहे.

आपली शाळा कशात मोडते ते आधी पाहून घ्यावं. शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक (सरकारच्या देशभरच्या शाळांच्या नोंदीतला क्रमांक) दाखल्यावर किंवा निकालपत्रावर असतो. तो घालून यू-डायसच्या संकेतस्थळावर व्यवस्थापनाचा प्रकार बघता येतो. 'खाजगी अनुदानित' असेल तर तिसरं पोटकलम, 'स्थानिक स्वराज्य संस्था' असेल तर पहिलं आणि तिसरं दोन्ही.

आता दिंडी. वारकऱ्यांना वर्ग उतरायला देणं म्हणजे मुलांना धार्मिक शिक्षण देणं नव्हे. मराठीच्या तासाला तुकोबांचा अभंग शिकवणं हेही नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेजच्या खटल्यात हा फरक स्पष्ट केला आहे. गुरू नानकांच्या चरित्राचा आणि विचारांचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं न्यायालय म्हणालं. संताबद्दल शिकणं वेगळं, त्याची उपासना करायला लावणं वेगळं. म्हणून अभंगाचा अर्थ, वारीचा मार्ग, चंद्रभागेचा नकाशा हे अख्ख्या वर्गाला शिकवावं. कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि आरती याची सक्ती कुणालाच नको.

चुकतं ते संमतीच्या पद्धतीत. बऱ्याच शाळा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कुणाची हरकत असल्यास कळवावे" एवढंच टाकतात. घटनेची भाषा याच्या बरोबर उलटी आहे. संमती दिली असेल तरच सहभाग; गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. हरकत कळवायची म्हणजे चाळीस घरांसमोर एका घराने हात वर करायचा, आणि ते कुणी करत नाही. त्यापेक्षा वहीत घरी पाठवायची चिठ्ठी अशी असावी: "अमुक तारखेला दुपारी अमुक वाजता आरती आहे. माझा पाल्य सहभागी होईल / होणार नाही. पालकाची सही." दोन्ही पर्याय छापलेले हवेत, कारण नको म्हणणाऱ्याला वेगळा अर्ज लिहावा लागता कामा नये.

दुसरी चूक वेळेची. असा कार्यक्रम परिपाठातच घातला की सहभागी न होणारं मूल व्हरांड्यात एकटं उभं राहतं, आणि आठ वर्षांच्या मुलाला ती शिक्षाच वाटते. कार्यक्रम शेवटच्या तासाला ठेवावा. सहभागी न होणारी मुलं वाचनालयात बसतील, तिथे एक शिक्षक नेमावा.

प्रार्थनेच्या वेळी शांत उभं राहणं पुरेसं आहे. १९८६ मध्ये केरळमधल्या तीन मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळेने केलेली हकालपट्टी रद्द केली. ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शिक्षकांनाही हे संरक्षण आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेत प्रार्थनेला हात न जोडल्याबद्दल शिक्षकाची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला.

सक्ती होत असेल तर तोंडी वाद घालत बसू नये. मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज द्यावा. त्यात तारीख, कार्यक्रम, मुलाला नेमकं काय करायला लावलं आणि 'कलम २८(३) नुसार माझी संमती नाही' हे वाक्य असावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्यावी. पोच नसेल तर पुढे अर्ज दिल्याचंच सिद्ध होत नाही. मग शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे विषय तिथेच मिटण्याची शक्यता चांगली असते. अनुदानित शाळेत मात्र समितीचं काम सल्ल्यापुरतं असतं. त्यापुढे ग्रामीण भागात केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग.

नकार दिल्याबद्दल मुलाला मारलं किंवा वर्गात टोमणे मारले, तर तक्रारीचं स्वरूपच बदलतं. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घालतं. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं, आणि त्या अपिलाला तीच पोच असलेली प्रत जोडावी.