वाळूत टाकलेला नांगर

प्रवाळांजवळ होडी लावायची असेल तर नांगर खडकावर नको, वाळूत टाका, हा सल्ला कुठलाही डायव्हिंगवाला देतो. कठीण प्रवाळांच्या बाबतीत तो बरोबरही आहे. पण सिडनीच्या उत्तरेला पोर्ट स्टीफन्स नावाची खाडी आहे, तिथे हा सल्ला डोळे मिटून पाळला तर घात होतो. तिथलं डेंड्रोनेफ्थिया ऑस्ट्रॅलिस हे मऊ प्रवाळ वाळूच्या तळावरच वाढतं. दिसायला जांभळट फ्लॉवरचा गड्डा. त्याच्या फांद्यांत ‘व्हाइट्स सीहॉर्स’ जातीचे समुद्रघोडे शेपटी अडकवून बसतात, स्नॅपर माशाची पिल्लं लपतात. आणि मासा आहे म्हटल्यावर गळ टाकणाराही नेमका तिथेच येणार.

मऊ प्रवाळाला चुन्याचा सलग सांगाडा नसतो. मांसात चुन्याच्या बारीक काड्या विखुरलेल्या असतात, बाकी सगळा डोलारा आत भरलेल्या पाण्याच्या दाबावर उभा. प्रवाह सुरू झाला की ते फुगून उभं राहतं, प्रवाह थांबला की आक्रसतं. या जातीच्या अंगात सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारं शैवालही नसतं, सगळं पोट वाहत्या पाण्यातून येणाऱ्या कणांवर. म्हणून त्याला तोडायलाच हवं असं नाही. आडवं पाडलं आणि वर चार बोटं वाळू बसली, तरी ते उपाशी मरतं.

आता नांगराचा हिशोब बघा. ओहोटीला 8 मीटर पाणी, भरतीचे 2, होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून 1 मीटर वर, एकूण 11. नांगर धरून राहायला याच्या निदान पाचपट दोर सोडायचा, म्हणजे 55 मीटर. नांगराच्या मागे 6 मीटर साखळी धरू. नांगर पडतो ती जागा जेमतेम पाटाएवढी. पण भरती-ओहोटीचा प्रवाह उलटला, वारा फिरला की होडी फिरते आणि साखळी तळ घासत जाते. पूर्ण चक्कर झाली तर 113 चौरस मीटर, म्हणजे बाराशे चौरस फूट. टू बीएचके फ्लॅटएवढ्या जागेवर झाडू फिरला, तोही लोखंडी. प्रवाह थांबतो तेव्हा ढिला पडलेला नायलॉनचा दोरही बुडून तळाशी लोळतो, त्याची भर वेगळी.

नांगर कुठला, यावरही बरंच अवलंबून आहे. लहान होड्यांवर सळया वाकवून केलेला चार-पाच बोटांचा नांगर सर्रास असतो. तो खडकात अडकण्यासाठीच बनवलेला. वाळूत तो पकडत नाही, नुसता ओढत जातो. मराठीत शेतातल्या अवजाराला आणि या वस्तूला एकच शब्द आहे, आणि इथे तो अगदी शब्दशः खरा ठरतो. वाळूत थांबायचं तर रुंद पात्यांचा, रुतणारा नांगर हवा, आणि त्याआधी तळ बघायला हवा. पाणी स्वच्छ असेल तर मास्क लावून डोकं बुडवायला दोन मिनिटं लागतात. अडकलेला नांगर इंजिनाच्या जोरावर उपटणं हा सगळ्यात वाईट प्रकार. नांगराच्या डोक्याला आधीच वेगळी दोरी बांधून तिला बोया, म्हणजे तरंगता गोळा, लावला, तर तो उलट्या बाजूने अलगद सुटतो.

होड्या बांधायला कायमचे बोये हा खरा उपाय, पण तोही नीट केला तरच. बोया तळाशी धरून ठेवणारा काँक्रीटचा 1 टनाचा ठोकळा पाण्यात साधारण 580 किलोच भरतो, हे विसरून हलका ठोकळा टाकला की वादळात तोच सरपटत जातो. बोयाची साखळी तळाला टेकत असेल तर ती रोज तोच गोल घासते, म्हणजे पाहुणा नांगर जाऊन घरजावई आला. साखळीला मधोमध पाण्याखाली तरंगणारा गोळा बांधून ती उचलून धरावी लागते.

सगळं खापर होड्यांवर फोडता येणार नाही. पोर्ट स्टीफन्समध्ये सरकत्या वाळूने बरंच प्रवाळ गाडलं, मार्च 2021 च्या पुराने उरल्यासुरल्याचीही दैना केली. हे प्रवाळ आता तिथे संकटग्रस्त यादीत आहे. पण वाळू आणि पूर आपल्या हातात नाहीत, साखळी आहे.

तंगुसाने, म्हणजे गळाच्या दोऱ्याने, होणारं नुकसान संथ असतं. तुटलेला तंगूस फांदीभोवती वळसे घेतो आणि प्रवाहात मागे-पुढे होत करवतीसारखा कापत राहतो. मालवणच्या समुद्रात दिसणारे समुद्रपंखे, म्हणजे पंख्याच्या आकाराचे प्रवाळ, याला जास्त बळी पडतात, कारण ते प्रवाहाला आडवे, जाळीसारखे पसरतात. वरची जिवंत साल खरवडली की आतला काळपट कणा उघडा पडतो. त्यावर शेवाळ आणि बारीक शिंपले बसतात, वजन आणि पाण्याची ओढ वाढते, आणि एका जोराच्या लाटेत पंखा मुळापासून निघतो. वन्यजीव कायद्याने 2001 पासून समुद्रपंख्यांना संरक्षण दिलंय. वाळलेला पंखा दिवाणखान्यात टांगणं त्यामुळे गुन्हा आहे, पण वाहून गेलेल्या तंगुसावर कोण कलम लावणार?

तंगूस काढताना ओढू नका. ओढला की साल निघून येते. बोथट टोकाची कात्री घ्या, सुरी नको. आधी दोन्ही मोकळी टोकं कापा, मग मधला भाग वीतभर लांबीचे तुकडे करत एकेक वळसा सोडवा. ज्या वळशावर प्रवाळाची साल चढून गेलीय तो आतच राहू द्या, फक्त बाहेर आलेली शेंडी सालीलगत कापा. तुकडे जाळीच्या पिशवीत, गरी, म्हणजे गळाचा आकडा, मात्र झाकणाच्या बाटलीत, नाहीतर पिशवीतूनच बोटात घुसते. आणि तळाशी पडलेलं गळाच्या वजनाचं शिसं वेचल्याशिवाय वर येऊ नका.